डाव्या बाजूचा ब्रेक

सई: चाचा, खरं सांगा. तुम्हाला गाडी येते ना?

चांदसाब: येत असती तर तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलात नाव घातलं असतं का, म्याडम?

सई: तेच विचारतेय. आज तिसरा दिवस. बसल्या बसल्या आरसे लावून घेता, क्लच सोडताना गाडी हिसका खात नाही. आणि मघाशी सात रस्ता चौकात त्या रिक्षावाल्याला जे बोललात, ते शिकाऊ माणसाचं बोलणं नव्हतं.

चांदसाब: आडवाच घुसला की त्यो.

सई: घुसला. पण माझी बाकीची मंडळी अशा वेळी देवाचं नाव घेतात.

चांदसाब: तीस वर्सं ट्रक चालवला. हितनं चादरींच्या गाठी भरायच्या, हैदराबाद म्हना, बेंगळूर म्हना.

सई: मग माझ्याकडे कशाला? माझी परीक्षा घ्यायला?

चांदसाब: तुमच्या गाडीला डाव्या बाजूला बी ब्रेक हाय. मला काय झालं तर थांबवायला कोनतरी पायजे.

सई: काय होतं तुम्हाला? फिट येते का? लपवलं असेल तर आत्ताच गाडी बाजूला घ्या.

चांदसाब: फिट न्हाय. पॅनिक अटॅक म्हनतात त्याला. गेल्या साली वडकबाळच्या पुलावर पयल्यांदा आला, काय कारन नसताना. छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरंना. वाटलं, गेलो. ट्रक पुलाच्या मधोमध हुबा केला आनि खाली बसलो. दोन्हीकडनं ही रांग. लोकांनी दवाखान्यात नेलं, ईसीजी काडला. साफ.

सई: मग चांगलंच की.

चांदसाब: काय चांगलं? तीनदा काडला, तिन्ही बार साफ. कायतरी निघालं असतं तर घरी सांगायला तरी तोंड व्हतं.

सई: मग घरी काय सांगितलं?

चांदसाब: गुडघं गेलं म्हनून सांगितलं. ट्रकचा क्लच जड असतो, सगळ्यांना पटलं. बायको रोज तेल चोळती, चांगल्या गुडघ्यांना. आनि सोहेबनं, माज्या पोरानं, गेल्या महिन्यात जुनी गाडी आनून दारात हुबी केली. म्हनला, अब्बा, हिचा क्लच लई हलका हाय, आता चालवा.

सई: सॉरी चाचा, हसायला नको होतं.

चांदसाब: हसा की. दुसऱ्याचं असतं तर मी बी हसलो असतो.

सई: गाडी दारात उभी आहे, तर राहू दे ना उभी.

चांदसाब: रविवारी मंद्रूपला जायचं हाय. शाइस्ताला, माज्या पोरीला, आनायला. दुसरं बाळंतपन सासरीच झालं, आता चाळीस दिवस भरतायत. अब्बाच येनार न्यायला, असं सगळ्यांना सांगून बसलीय. आनि मंद्रूपच्या वाटंवर त्योच पूल.

सई: डॉक्टर काय म्हणतात?

चांदसाब: गोळी दिलीय. म्हनले, ट्रक नको, लहान गाडी हळूहळू चालवा, पन एकट्यानं नको. आला तर बाजूला घ्या, हुबं ऱ्हावा, पळू नका. दहा मिनटं ऱ्हातंय आनि आपलं आपन जातंय. तर म्याडम, आज पुलाकडं जाऊ.

सई: मी सैफुलच्या पुढे, शहराबाहेर, कोणाला नेत नाही.

चांदसाब: मला न्या की.

सई: बरं. पण चाळीसच्या वर काटा गेला तर मी ब्रेक मारणार.

(वडकबाळचा पूल समोर दिसू लागतो.)

सई: चाचा, स्पीड का कमी केलात?

चांदसाब: आला.

सई: दाबू का ब्रेक?

चांदसाब: पाय काडा. काडा पाय! मी घेतो बाजूला. आरसा. मागं उसाची ट्रॉली हाय, जाऊ दे तिला. हां. घेतली. हँडब्रेक.

सई: थांबली गाडी.

चांदसाब: मुंग्या आल्या हाताला.

सई: स्टिअरिंग सोडा, हात मांडीवर ठेवा.

चांदसाब: ह्या टायमाला खरंच जातो, म्याडम.

सई: मागच्या वेळी पण असंच वाटलं होतं ना?

चांदसाब: दर टायमाला वाटतंय. बोला कायतरी. काय बी बोला.

सई: काय बोलू? बरं, गाडी सुरू करायच्या आधी काय काय बघायचं?

चांदसाब: हवा.

सई: पुढे.

चांदसाब: पानी. ऑइल.

सई: श्वास सावकाश सोडा. घाई नाही. पुढे?

चांदसाब: आरसा. शीट. बेल्ट. बेल्ट तुमी लावलाच न्हाय.

सई: अगंबाई, खरंच की. लावला.

चांदसाब: किती झाली?

सई: सहा मिनिटं.

चांदसाब: सहाच?

सई: सहाच. मी फोनवर बघतेय, उगाच वाढवून सांगणार नाही.

चांदसाब: आता?

सई: नऊ.

चांदसाब: उतरतंय. घाम सुटला की उतरतंय. चला.

सई: लगेच? जरा बसा तरी.

चांदसाब: आत्ता न्हाय गेलो तर रविवारी बी जानार न्हाय. तुमी बोलू नका आता.

सई: चाचा, पूल संपला. मागे गेला. घ्या बाजूला, पाणी प्या.

चांदसाब: रविवारी तुमी येता का मंद्रूपला?

सई: बाळंतिणीला आणायला ड्रायव्हिंग स्कूलची बाई? पोरगी काय म्हणेल तुमची?

चांदसाब: तुमचा ब्रेक व्हता म्हनून जमलं.

सई: माझा पाय तर तुम्हीच काढायला लावलात.

चांदसाब: पन तुमाला म्हाईत व्हतं की, मला काय हुतंय ते.

सई: रविवारी शेजारी कोण बसणार?

चांदसाब: मदिनाबी. बायको.

सई: मग त्यांना माहीत नको?

चांदसाब: काय सांगू तिला? तीस वर्सं घाटाघाटातनं गाडी काडली, आनि आता काय नसताना भ्या वाटतंय? लाज वाटती, म्याडम.

सई: मला कसं सांगितलंत?

चांदसाब: तुमी काय घरच्या न्हाय की.

सई: लावा फोन. हवं तर मी खाली उतरते.

चांदसाब: न्हाय, बसा तुमी. स्पीकरवर ठेवतो. हॅलो, मदिना? गाडीच्या क्लासच्या म्याडम बाजूला हायत, मराठीत बोल.

मदिनाबी: कसला क्लास?

चांदसाब: सांगतो. माजं गुडघं बरं हायत. पयल्यापासनं बरं हायत. ट्रक सोडला त्यो भीतीनं. अचानक येतंय, छाती धडधडती, आता मरतो असं वाटतंय. डॉक्टर म्हनतात, मरत न्हाय. रविवारी वाटंत आलं तर तू घाबरशील, म्हनून सांगतो. ऐकतीस ना?

मदिनाबी: ऐकते. वर्सभर एकट्यानंच काडलं व्हय हे?

चांदसाब: व्हय.

मदिनाबी: किती येळ ऱ्हातंय ते?

चांदसाब: दहा मिनटं.

मदिनाबी: मग थांबू की दहा मिनटं. बाळाला पाजायला बी थांबावंच लागंल.