भिंतीआड थांबा

नाही, इंजिन बंदच करा. किल्ली काढून हातात घ्या — हो हो, आत्ताच फाटकात निरोप घेतलात, हात हलवून झाला, मला माहीत आहे, मी तिथंच उभी होते ना! पण तो निरोप आमच्या ह्यांच्यासाठी होता. तुमचं खरं निघणं इथून, या भिंतीच्या आडून. म्हणून तर तुमच्या कानाशी पुटपुटले, बाहेर पडा, डावीकडे वळा, भिंतीला लागून थांबा. तुम्हाला वाटलं असेल बाईला काहीतरी विकायचंय. काही विकायचं नाही. आणि वहिनी, तुम्ही नका उतरू, बसा आत, पाच मिनिटांचं काम — काच तेवढी खाली घ्या, आत शिजून निघाल. शेडच्या बाकावरून फाटक दिसतं, रस्ता दिसतो, ही बाजू दिसत नाही. बाकावर ते बसलेत. कळलं? नाही कळलं तरी चालेल. जरा बाजूला व्हा, वाकायला जागा द्या.

काय करते म्हणजे? तपासते. आमच्याकडची पद्धतच आहे ती, आजची नाही, लग्न होऊन मी या आवारात आले तेव्हापासूनची. लावणाऱ्यानं तपासायचं नाही. त्यांनीच घालून दिलेला नियम. म्हणायचे, ज्यानं लावलं त्याचे डोळे आधीच हो म्हणून बसलेले असतात, त्याला चूक दिसतच नाही. ते भाड्याचा ट्रेलर गिऱ्हाइकाच्या गाडीला जोडायचे, वरून दोन थापा मारायचे, 'लागलं!' म्हणून ओरडायचे. मग मी यायचे, वाकून बघायचे, हात घालून ओढायचे आणि म्हणायचे, 'बघितलं.' ही दोन्ही झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नाही — समोर कोणी का असेना, लग्नाला उशीर होत असेना. गिऱ्हाईकं त्यांना लागलंमामाच म्हणतात. अख्ख्या संसारात आम्ही दोघांनी मिळून पुरं केलेलं एवढं एकच वाक्य. बाकी सगळी वाक्यं त्यांनी सुरू केली आणि मी तोडली!

हसा, हसा. आता इकडे बघा. मागे येऊन बघा, तिथून काय दिसणार आहे? हा तुमच्या गाडीचा गोळा. हे ट्रेलरचं तोंड, गोळ्यावर टोपीसारखं बसतं. बसलंय ना? हो, दिसायला बसलंय. ही खटक्याची पिन आधी काढते, खिशात टाकते, दोरी तुटलीय तिची, या गवतात पडली तर संध्याकाळपर्यंत शोधत बसाल. आता हे टेकूचं चाक फिरवते — म्हणजे ट्रेलरची मान वर उचलायची. तोंड नीट अडकलेलं असेल तर तुमच्या गाडीचा मागचा भाग त्याच्याबरोबर वर यायला हवा. बघा. आला? नाही आला. तोंड गोळ्यावरून सुटून वर, गोळा जागच्या जागी. खटका आत गेलाच नव्हता. नुसती टोपी डोक्यावर ठेवलेली, वारा आला की गेली.

असा चेहरा पांढरा करू नका. त्यासाठीच थांबवलं ना तुम्हाला? पहिल्या गतिरोधकापर्यंत गेला असतात एवढंच. वहिनींना कशाला सांगता — बघा, ऐकलंच त्यांनी. अहो वहिनी, काही झालेलं नाही! झालं नाही म्हणून तर मी तुमच्याशी बोलतेय.

डोळे अधू झालेत त्यांचे, म्हणून. वय झालं. जवळचं दिसत नाही.

थांबा, परत टेकवते. असं — आणि खटका दाबून आत. आवाज ऐकलात? तो आवाज आला पाहिजे. आता परत चाक फिरवते... हं, गाडी उचलली बघा तुमची. असं पाहिजे. आता साखळ्या. साखळ्या कशाला? अहो, तोंड सुटलंच कधी तर ट्रेलरनं रस्त्यावर नांगर धरू नये म्हणून. दोन्ही साखळ्या खालून फुली मारून घालायच्या, म्हणजे ट्रेलरची मान पडली तर त्या फुलीत पडते, झोळीत मूल पडावं तसं. वळताना ताणू नयेत इतक्या सैल, रस्त्याला घासू नयेत इतक्या आखूड. बघा कशी फुली घातलीय ह्यांनी! एक कडी पिळलेली नाही. हात काही विसरले नाहीत. फक्त — ही टोकं कुठं अडकवलीत बघा. ट्रेलरची साखळी, फिरवून परत ट्रेलरलाच. माणसानं स्वतःचा हात धरून रस्ता ओलांडावा तसं.

डोळे नाहीत हो. खोटं कशाला बोलू, तुम्ही काही आमचे पाहुणे नाही. डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत त्यांचे, सुईत दोरा ओवून देतात मला. डोक्यातून जातंय. सकाळी तुम्ही गाडीमागे सायकली टांगायच्या त्या स्टँडवरून हुज्जत घालत होतात — हो, हुज्जतच होती ती, मी काय दुसरं नाव देऊ? 'स्टँडही हुकावरच लावतो आणि ट्रेलरही लावतो.' एका खुंटीला दोन बैल! — तर तेव्हा तुमची समजूत किती शांतपणे घातली त्यांनी. एक गोळा, एकच ओझं. सायकली ट्रेलरमध्ये घ्या, कपाटाच्या आडोशाला उभ्या करा, पुढचं चाक आडवं बांधा म्हणजे फिरणार नाही, पोरीची घंटी काढून खिशात ठेवा, वाटेत वाजत राहते. घंटीसुद्धा विसरले नाहीत. डॉक्टरला हेच सांगितलं मी, तर म्हणाला, जुनं राहतं, आत्ताचं जातं. म्हटलं, मग जुनं राहील ना शेवटपर्यंत? तर कागदात तोंड घालून बसला. शिकलेला माणूस, सरळ नाही म्हणता येईना त्याला.

ही अडकवली साखळी गाडीला. हा दिव्यांचा प्लग धरा जरा. सैल वाटला तर आत ढकला, लाजू नका. आत बसा आणि ब्रेक दाबा. वहिनी, तुम्हीच दाबा की पाय लांब करून! हं, लागले दिवे, दोन्ही. सोडा.

भिंत? हो, पडली होती तिथं. एक ट्रकवाला ट्रक मागे घेत होता, ठोकलं आणि पळाला. विटा ह्यांनीच लावल्या परत. काय शिव्या घातल्या त्या ट्रकवाल्याला, एकेका विटेगणिक एक. मी तगारी देत होते. मी तरी काय बोलणार होते! म्हणजे त्या दिवशी फरशा होत्या आत, ट्रेलर काठोकाठ भरलेला, इथं वळणावर सुटला आणि सरळ भिंतीत, आणि नुकतीच एक पोर गेली होती सायकलवरून, पुढच्या वळणावर तिची पाठ अजून दिसत होती. मागं वळून बघितलंही नाही तिनं. तिला अजून माहीत नसेल.

कुठला ट्रक? हां. मघाशी ट्रक म्हटलं मी.

नव्हता ट्रक. झालं. आता कळलं तुम्हाला, लेकीला माहीत नाही, जावयाला माहीत नाही, ह्यांना तर नाहीच. ह्यांचा ट्रकवर पक्का विश्वास आहे. त्या दिवशी थापा मारून 'लागलं' म्हणाले होते आणि मी चुलीवर... मी आत होते, दूध उतू जात होतं, आतूनच ओरडले 'बघितलं'. जाऊ द्या. ते तुम्हाला नको.

मग बंद केलं मी. शेडला कुलूप लावलं, त्यांना घरात बसवलं. काय झालं माहीत आहे? जेवेनात. दाढी करेनात. एक दिवस बघते तर मोरीतली बादली टेबलाच्या पायाला बांधलीय. कपडे वाळत घालायच्या दोरीनं. खालून फुली मारून, दोन बोटं सैल सोडून — अगदी अशी. आणि वर थापा मारताहेत, आणि माझ्याकडे बघताहेत. मी बघितलं म्हणावं म्हणून. काय करणार? म्हटलं. बादलीसुद्धा ओढून बघितली. आणि दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं. तेव्हापासून असं चाललंय. ते तिथं लावतात, मी तिथं मान डोलावते, आणि मग इथं येऊन सगळं सोडवते आणि पुन्हा लावते. काही गिऱ्हाईकं चिडतात. एक जण म्हणाला, मावशी, मग त्यांना लावू कशाला देता? म्हटलं, तुझ्या बापाला विचार तो सकाळी उठतो कशाला.

जावई म्हणतो, विकून टाका सगळं, आमच्याकडे या, तिसऱ्या मजल्यावर खोली आहे, खिडकीतून बाग दिसते. बाग! तो माणूस बागेचं काय करणार आहे? बाकड्याला झाड जोडेल. रविवारी माणूस आणतोय ट्रेलर बघायला. म्हणतो, उद्या काही झालं ना आई, तर तुम्हाला झोप लागणार नाही. जशी आत्ता लागतेच. आणि बरोबर बोलतो हो तो. मूर्ख असता तर भांडले असते, दारातून परत पाठवला असता. बरोबर बोलतो, तेच तर सोसत नाही. आणि खरं सांगू, रविवारी मी त्याला काय सांगणार आहे मलाच माहीत नाही. आज तुमच्या गोळ्यावरची ती टोपी बघितली तेव्हा ठरवलं विकायचं. साखळ्यांची फुली बघितली तेव्हा परत मोडलं.

असो. तुम्ही ऐका, वाटेत ट्रेलर शेपूट हलवायला लागला — डावीउजवीकडे, असा — तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही. वेगही वाढवायचा नाही, काही शहाणे वाढवतात. पाय उचलायचा, चाक सरळ धरायचं, तो आपोआप शांत होतो. जड सामान पुढच्या बाजूला घेतलंय आपण, सहसा हलणार नाही. मधे चहाला थांबलात की एकदा उतरून पट्टे ओढून बघा. नवे पट्टे पहिल्या तासात सैल पडतात, नव्या नवऱ्यासारखे — वहिनी हसल्या बघा!

आता एक काम करा. मी जोडलं, मीच तपासलं. म्हणजे नियम मोडला ना? माझं तपासायला कोण आहे इथं? म्हणून तुम्ही बघा. वाका. खटका आत, साखळ्या गाडीला, प्लग बसलेला, टेकूचं चाक वर. बघितलं म्हणा. मान हलवू नका, तोंडानं म्हणा. ... हं. झालं. निघा आता, ऊन आणखी चढायच्या आत —

थांबा. किल्ली लावू नका.

ते आले. भिंतीला हात लावत येताहेत बघा. असे कधी आले नव्हते, कधीच नाही, बाक सोडत नाहीत ते. तुम्ही काही बोलू नका. — अहो, काही नाही, ह्यांना रस्ता सांगत होते, पुढचा पूल बंद आहे ना, म्हणून. — अहो, कुठं वाकताय? लावलंय ते. तुम्हीच नाही का लावलंत, मघाशी, फाटकात? छान लावलंय. चला घरी — काय शोधताय तिथं? बोट कशाला घालताय भोकात, काही नाहीये तिथं...

पिन.

अगं आई. खिशातच राहिली माझ्या.

घ्या. — बघा, नुसता हात पुढे केला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघा कशी घातली, एका झटक्यात. आणि दादा, तुम्ही बघितलं म्हणालात! मीही बघितलं म्हणाले! दोघांच्या चार डोळ्यांतून सुटली आणि ह्या माणसानं — थापा मारल्या. दोन. ऐका, काय म्हणाले? 'लागलं' असं नाही म्हणाले. 'बघितलं' म्हणाले. माझं वाक्य ते. जन्मात पहिल्यांदा. म्हणजे मी लावलंय हे कळलं त्यांना, कळलं ना? लावणारी मी, म्हणून तपासणारे ते. अहो, इकडे बघा ना. ऐकलंत का, रविवारी जावई आला की त्याला मी —

काय?

नाही, मी कुठं... दार कशाला उघडलंत?

दादा, गप्प बसा. वहिनी, जरा सरका, ती पिशवी मांडीवर घ्या. मला बसा म्हणताहेत. 'बसा बाई, हळू जा, पोचलात की कळवा.' गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. बाई म्हणाले मला. नाही, त्यांना काही सांगायचं नाही. भर रस्त्यात त्यांना चुकीचं ठरवू? आत्ताच तर बरोबर ठरलेत. — हो, बसते. बसले हो. कळवते पोचले की. तुम्ही जा बाकावर, ऊन आहे.

चालू करा गाडी. हळूहळू घ्या, वळताना जरा लांबून. हात हलवा, वहिनी. दोघंही हलवा. त्या पुढच्या वळणाशी सोडा मला, मागच्या बोळातून परत जाईन, ते बाकावर पोचायच्या आत पोचेन. रोजच्यासारखी. तोपर्यंत विसरलेले असतील.

आरशात दिसतात का अजून? उभे आहेत? — नको. सांगू नका. थांबवा इथंच. उतरते मी. बघत काय बसलात, निघा.