होडीवाला जेवतो ते ठिकाण

बेटावर उतरल्यावर कुठं जेवावं, हे मोबाइलवर लोकांनी लिहूनच ठेवलं होतं: निळ्या दारापुढं रांग लावा. मी लावली. माझ्या मागं एक बाई होत्या. तेवढ्यात एक होडीवाला आमच्या बाजूनं थेट दाराकडं निघाला.

"ओ दादा, रांग मागून आहे," बाईंनी त्याला हटकलं.

"अहो ताई, हे माझं घर आहे!"

"मघाशी एक जण मेहुणा आहे सांगून आत शिरला."

"तो खरंच माझा मेहुणा. पण एवढे लोक कशाला जमलेत इथं?"

"कुणीतरी एका होडीवाल्याला विचारलं, तुम्ही स्वतः कुठं जेवता? त्यानं हे दार दाखवलं. गावचा माणूस जेवतो तिथंच जेवावं."

"तो होडीवाला मीच की!"

"मग रोजचेच आहात. रांग मोडताना लाज वाटत नाही?"

दार उघडलं. पदराला हात पुसत घरधनीण बाहेर आली.

"अगं, मी कोण आहे ते सांग यांना!"

"सांगते ना. वीस वर्षं मान खाली घालून जेवताय. एकदा तरी बरं झालंय म्हणालात? या लोकांनी पाच तारे दिलेत."

"भूक लागलीय गं."

"सगळ्यांनाच लागलीय. किती जण आहात?"

"...एकटाच."

"उभे राहा मागं. भात उरला तर बोलावते."

तो मुकाट्यानं बाईंच्या मागं येऊन उभा राहिला.

"ताई, इथलं चांगलं काय असतं हो?"

"सगळंच. पहिल्यांदाच विचारताय वाटतं?"

"तसंच म्हणा."