पुढच्याचा हात

दुकानदार : वेळ बरोबर साधलीत, साहेब. दुपारी आला असतात तर आल्या पावली परत पाठवलं असतं. कलत्या उजेडाचा चष्मा भर उन्हात निवडणं म्हणजे जेवण झाल्यावर मीठ चाखणं. असे मागच्या दाराशी या. ही गल्ली दिसतेय? टोकाला खांब आहे, त्याला मी एक जुनं टायर टांगलंय. ज्या काचेतून टायर दिसेल ती तुमची.

बायको : आणि ज्यातून काहीच दिसत नाही ती यांच्या नाकावर आहेच. काढा हो तो.

नवरा : असू दे. सवयीचा आहे.

बायको : सवयीचा! कोपर सोललं, हनुवटीला टाके पडले, सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वाकलं. एवढं सगळं त्या सवयीपायी.

दुकानदार : बघू तरी... अरे देवा! ही तर धुरकट काच, कडक उन्हाची. ही लावून तिन्हीसांजेला सायकल चालवायची म्हणजे डोळे मिटून सुई ओवायची! कुणी गळ्यात मारली तुमच्या?

नवरा : दादाची आहे.

बायको : यांचे थोरले भाऊ. गेल्या हिवाळ्यात गेले.

दुकानदार : सायकलवरून?

बायको : छे हो, अंथरुणात. तापाचं निमित्त झालं. सायकलवरून ते जन्मात कधी पडले नाहीत.

नवरा : मलाही पडू दिलं नाही.

बायको : दोघं एकाच कागदाच्या गिरणीत. संध्याकाळी भोंगा झाला की बरोबर निघायचे. कालव्याच्या कडेचा रस्ता, दिवा नावाला नाही. आणि हे, स्वतःचे डोळे असून, भावाच्या डोळ्यांनी बघायचे.

दुकानदार : म्हणजे कसं?

नवरा : दादा पुढे, मी मागे. खड्डा आला की ज्या अंगाला खड्डा त्या अंगाचा हात तो खाली सोडायचा. मी मागून 'हं' म्हणायचं. 'हं' आल्याशिवाय दादा पुढे जायचा नाही, तिथंच पाय टेकून थांबायचा.

दुकानदार : मग रस्ता तुम्ही बघतच नव्हता?

नवरा : हात बघायचो.

बायको : आमच्या लग्नात फोटोवाला म्हणाला, नवरीकडे बघा. यांनी आधी भावाकडे बघितलं. हात खाली सोडला नाही, तेव्हा कुठं माझ्याकडे वळले.

दुकानदार : हा हा! बरं, ही पिवळी लावा. ही काही उजेड आणत नाही हं, तसं सांगून विकणारा लबाड. पण असल्या उजेडात कडा उठून दिसतात. काय दिसतंय?

नवरा : टायर आहे. भिंतीचे पोपडे दिसतात. डाव्या हाताला गटाराचं झाकण... अर्धं उघडंय.

दुकानदार : बरोब्बर! ते झाकण कुणी बसवत नाही आणि मी तगादा लावत नाही. माझा परीक्षक आहे तो. झालं तर मग, ही बांधतो.

नवरा : नको.

दुकानदार : नाकाला टोचतेय?

नवरा : फार दिसतं.

दुकानदार : केस पिकले माझे या धंद्यात, पण ही तक्रार पहिल्यांदा ऐकतोय. बरं, ही नारिंगी?

नवरा : हिच्यातूनही तेच. माझा द्या इकडे.

बायको : द्या त्यांना. लावा. आता सांगा, टायर दिसतं?

नवरा : नाही.

बायको : झाकण?

नवरा : नाही.

बायको : मग एवढं टक लावून काय बघताय?

नवरा : अगं, जाऊ दे ना.

बायको : या गृहस्थांची लाज धरू नका. डोळ्यांचा माणूस म्हणजे डॉक्टरसारखाच.

नवरा : दादा आहे.

दुकानदार : कुठं?

नवरा : खांबाच्या अलीकडे. पाठमोरा. एक पाय जमिनीला टेकलाय. पिवळ्यातून बघितलं की तिथं तुमचं टायर असतं.

दुकानदार : माझ्या गल्लीत? वहिनी, माझ्याकडे काचा मिळतात हो, बाकीचं मी काही ठेवत नाही...

बायको : घाबरू नका. मला ठाऊक आहे.

नवरा : तुला? मी तर बोललो नव्हतो.

बायको : झोपेत 'हं, हं' करता. आधी मला वाटलं, चला, उशिरा का होईना, बायकोला होकार द्यायला शिकले. मग ध्यानात आलं, मी तर काही बोललेच नव्हते.

नवरा : तो नेहमीसारखा पुढे असतो गं. रस्ताभर हात दाखवतो. वडापाशी उजवा, पुलाच्या तोंडाशी डावा. एकदाही चुकत नाही.

बायको : मग पंपघरापाशी कसे पडलात? तिथं दाखवला हात?

नवरा : नाही दाखवला.

बायको : का?

नवरा : मला वाटलं... बोलावतोय.

दुकानदार : पाणी देऊ का, वहिनी?

बायको : नको. अहो, इकडे बघा. माझ्याकडे. पंपघरापाशी खड्डा कधी खणला?

नवरा : नळ टाकायला. उन्हाळ्यात.

बायको : आणि भाऊजी कधी गेले?

नवरा : हिवाळ्यात.

बायको : मग त्यांना तो खड्डा ठाऊक कसा असणार? तुम्हाला ओढून नेणारा माणूस होता तो? त्यांना जेवढे माहीत आहेत तेवढेच दाखवतायत बिचारे. त्यांचा रस्ता जुना राहिला हो, खड्डे मात्र नवे पडतात.

नवरा : हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बायको : डोक्याचं काम तुम्ही त्यांच्या हातावर सोपवलेलं ना. आता तुम्ही पुढे व्हा. नवे खड्डे तुम्ही दाखवा त्यांना.

नवरा : दादा मागे राहील?

बायको : धाकट्याच्या मागे राहायला थोरल्याला जड जाईल जरा. जाऊ दे. मी काही पांढरं कपाळ घेऊन त्या कालव्याकाठी तुम्हा दोघांना शोधत फिरणार नाही, सांगून ठेवते.

दुकानदार : साहेब, एक करा. ही पिवळी लावून टोकापर्यंत चालत जाऊन या. पसंत पडली तर घ्या, नाहीतर तुमची धुरकट आहेच. ती माझ्याजवळ राहू द्या तोवर.

नवरा : पुसू नका ती.

दुकानदार : हात लावत नाही.

(नवरा पिवळा चष्मा लावून गल्लीत उतरतो. दोघं दारातून बघत राहतात.)

दुकानदार : मिट्ट काळोख झाला की मात्र पिवळीही काढायला लावा हं. तेव्हा साधी पांढरी काच आणि सायकलला चांगला दिवा. नाहीतर मलाच बोल लावाल.

बायको : हळू बोला.

दुकानदार : झाकणाजवळ आले... डावा हात खाली सोडला! मागे तर कुणी नाही.

बायको : थांबलेत.

दुकानदार : बिचकले का?

बायको : नाही. उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. आता मलाच 'हं' म्हणायला हवं.

दुकानदार : मग म्हणा की. एवढासा तर शब्द. का माझं गिऱ्हाईक सकाळपर्यंत गटाराशी उभं करणार आहात? ...हां, निघाले! व्यवस्थित वळसा घालून गेले बघा. शाबास, वहिनी. पण किती हळू म्हणालात, शेजारी उभं राहून मला ऐकू आलं नाही.

बायको : मी अजून म्हटलंच नाही.