तीन वर्षांपुढील सर्वांसाठी

लेक : बाबा, पाऊण तास झाला. आत बसून अंडी फोडताय ना?

बाबा : पोट बिघडलंय.

लेक : पोट बिघडल्यावर कोंबडा आरवत नाही. मोबाइलचा आवाज तरी बंद करायचा!

बाबा : ठमे, बापाला संडासात तरी एकांत देशील?

लेक : आईच्या कार्डावरून ‘भाग्याची अंडी’ घेतलीत, तिला कळलंय. स्वयंपाकघरात बसलीये. एक शब्द बोलत नाहीये.

बाबा : ओरडतही नाहीये? मग कठीण आहे.

लेक : तिच्या डोक्यावर हात ठेवून जुगार सोडला होतात. अठरा वर्षं झाली.

बाबा : शपथ पत्त्यांची होती. इथे एक तरी पत्ता दाखव. कोंबड्या आहेत नुसत्या.

लेक : बाबा!

बाबा : आणि गेम दिला कुणी? तूच म्हणालीस, ‘रिकामे बसता, हा खेळा, मीच पास केलाय, तीन वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी.’ मी एकाहत्तरचा. बसतो की नियमात!

लेक : आमच्या ऑफिसात गेमला वयाचा शिक्का देताना फॉर्मात विचारतात, पत्ते आहेत का, फासे आहेत का, फिरतं चक्र आहे का. मी तिन्हीकडे ‘नाही’ लिहिलं. पैसे भरून फोडायच्या अंड्यांचं कुणी विचारलंच नाही.

बाबा : खेळून बघितलं होतंस?

लेक : आम्ही खेळत नाही. कंपनी व्हिडिओ पाठवते, तो बघून वयाचा शिक्का मारतो.

बाबा : वा! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

लेक : त्यात पहिल्याच अंड्यातून सोन्याची कोंबडी निघते.

बाबा : पहिला डाव जिंकू देतातच गं. मला तिथेच कळलं. हाताला तीच जुनी खाज.

लेक : मग तेव्हाच का नाही बोललात?

बाबा : नोकरीतला तुझा पहिला शिक्का. केवढ्या कौतुकानं दिला होतास. म्हटलं, पोरीचा विरस कशाला करा... ते पहिले दोन दिवस. नंतर मला सांगायचंच नव्हतं.

लेक : उद्या साहेबांना सांगते, माझं चुकलं, अठरा वर्षांपुढे करा. नोकरी कच्ची आहे, काढलं तर काढलं.

बाबा : आणि एकाहत्तरवाल्यांचं काय?

लेक : तसला शिक्का नाही आमच्याकडे.

बाबा : बरं. आईला म्हणावं, येतोय बाहेर.

लेक : तुम्हीच सांगा तिला.

(कडी निघते. दार हातभर उघडतं.)

बाबा : आधी हा मोबाइल घे. लवकर घे, ठमे. एक अंडं हलायला लागलंय.