चांगुणाची बेस्टी

छबूबाई : परत वाच. फोटोखाली काय लिव्हलंय ते.

ऋतिका : 'माय बेस्टी'. तिसऱ्यांदा वाचायले, आत्याबाई. चांगुणामावशीनं स्टेटस ठेवलंय, बाजूला ताडकळसच्या धुरपताबाई हायत.

छबूबाई : दिसायलीय मला. कशी गळ्यात हात घालून हुबी हाय. बेस्टी म्हंजे काय?

ऋतिका : बेस्ट फ्रेंड. सगळ्यात जवळची मैत्रीण. एवढं लांबलचक कोण म्हणतंय, म्हणून बेस्टी.

छबूबाई : सगळ्यात जवळची! बारा वर्सं ऊसतोडीला चांगुणाच्या डोक्यावर मोळी कुणी दिली? मी. फडावर पाचटाची झोपडी, तिच्या कोपीला लागून कोपी कुणाची? आमची. आन् ही धुरपता टोळीत कवा आली, तर मागच्या साली.

ऋतिका : मनाला लावून घेऊ नका. आता कुणालाबी म्हणतेत. माझ्याच चार बेस्ट्या हायत. ब्लाऊज वेळेवर दिला तर मी शिवणारीलाबी बेस्टी म्हणते.

छबूबाई : तुजं सोड. चांगुणा तशी न्हाई. ती सख्ख्या नवऱ्याशी कधी गोड बोलली न्हाई.

ऋतिका : जळायलात तुमी.

छबूबाई : जळायलेच. सुनेपाशी काय लपवू? माज्या लेकाला, रविकांतला सांग, टोळीच्या मुकादमाला फोन कर म्हणावं. यंदा आमची कोपी पार दुसऱ्या टोकाला घालायची. ऱ्हाऊ दे त्या दोघींला शेजारी.

ऋतिका : मुकादम कशाला? मावशीलाच विचारा की. घ्या, लागला फोन.

(फोन स्पीकरवर.)

चांगुणाबाई : बोल छबू.

छबूबाई : फोटो बघितला तुजा. बेस्टीचा.

चांगुणाबाई : अगं, नातीची करामत हाय ती. मी म्हनलं, छबूचा आन् माजा फोटो ठेव. तिनं सगळा मोबाईल धुंडाळला. आपल्या दोघींचा एक बी निघाला न्हाई. मंग हाय तो ठेवला पोरीनं, वर आपल्याच मनानं लिव्हलं.

छबूबाई : आन् धुरपतासंगं बरा निघाला?

चांगुणाबाई : तो तूच काढलास की. उसाच्या फडावर, गावाकडं निघायच्या दिवशी. आमाला जवळ सरका म्हनलीस, धुरपताचा हात माज्या गळ्यात बी तूच घातलास.

छबूबाई : (ऋतिकाला) हसू नको तू.

चांगुणाबाई : हायस का? यंदा कोपी शेजारीच घालायची ना?

छबूबाई : आदी तो काढून टाक. मंग सांगते.