दुसरी किल्ली

वय २३ वर्षे, शिक्षण नववी, धंदा पवनचक्कीवर मदतनीस, राहणार थोरल्या बहिणीच्या घरी. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

दि. १४ मार्च रोजी सकाळी १०.४० वाजता मी सात नंबरच्या पवनचक्कीत, वरच्या खोलीत ग्रीस भरत होतो. मिस्त्री ब्रेकची चकती पुसत होते. खाली माझे भाऊजी ऑपरेटर होते. मला या कामावर त्यांनीच चिकटवले.

चढण्यापूर्वी मी चक्की बंद करून खालच्या मुख्य खटक्याला, कोणी ती चालू करू नये म्हणून, माझे कुलूप लावले व किल्ली खिशात घातली. मिस्त्री तोवर शिडीला लागले होते, त्यांनी कुलूप पाहिले नाही. कुलुपाची दुसरी किल्ली सर्वांसमोर मोडायची, असा नियम आहे. मी मोडली नव्हती. कुलूप मिळाले त्या दिवशी भाऊजी म्हणाले होते, "मोडतोस काय शहाण्या? तू तर चष्मासुद्धा हरवतोस. आण इकडे, घरातल्या घरात राहील." मी दिली.

वॉकीटॉकीवर ऑफिसचा आवाज आला, "इतक्या दिवसांनी वारा सुटलाय आणि तुमची सात नंबर झोपलीये?" भाऊजी म्हणाले, "उठवतो साहेब. उतरलेत दोघं."

मिस्त्री मला म्हणाले, "ऐकलंस? आपण उतरलो. मग हे ग्रीस काय भुतं भरतायत?" किल्ली खिशात होती म्हणून मीही हसलो. तेवढ्यात चकती फिरली. मिस्त्रींच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली.

त्यांना दोराने उतरवले तेव्हा खटक्याला कुलूप नव्हते. भाऊजी जमलेल्यांना सांगत होते, "पोरगं कुलूप लावायला विसरलं." माझ्याकडे बघत नव्हते.

काल ताई पोलीस ठाण्यात डबा घेऊन आली. म्हणाली, "विसरलो म्हण ना रे. तू एकटा जीव. त्यांची नोकरी गेली तर माझ्या पोरांनी कुठे जायचं?" मी विचारले, दुसरी किल्ली ते कुठे ठेवायचे? ती पटकन म्हणाली, "फ्रीजवर, वाटीत असायची." मग डबा बाकावर ठेवून निघून गेली. डबा मी उघडला नाही.

मी कुलूप लावले होते. माझ्याजवळची किल्ली हजर करीत आहे. कुलूप सापडल्यास लावून पाहावी.

हवालदारांनी 'कुलुप' लिहिले होते, ते दीर्घ करून घेतले. बाकी जबाब मी स्वतः वाचला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. फक्त वर राहण्याचे ठिकाण बहिणीचे घर लिहिले आहे, ते खोडावे. नवीन पत्ता झाल्यावर कळवीन.