बदकाच्या होडीतून न हरवल्याबाबत

मी, वय एकोणसत्तर, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार दुकानामागची खोली, गल्लीत सगळे चाकवाली मावशी म्हणतात, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मी हरवलेली नाही. माझी नातवंडंही हरवलेली नाहीत. तशी खबर माझ्या मुलाने फोनवरून दिली होती, म्हणून हा जबाब.

उन्हाळा संपत आल्यामुळे आम्ही सगळे आज तळ्यावर गेलो होतो. सगळे म्हणजे मी, माझा मुलगा (हिशेबनीस), माझी मुलगी (दातांची डॉक्टर), मुलीची चिंगी, वय आठ, आणि मुलाचा गुंड्या, वय पाच. जेवणानंतर मी यापुढे कोणाकडे राहायचं, यावर मुलगा व मुलगी यांच्यात बोलणं सुरू झालं. मुलगा म्हणाला, "आई माझ्याकडे, खालच्या मजल्यावर." मुलगी म्हणाली, "तुझ्या खालच्या मजल्यावर ऊन येत नाही." मी विचारलं, दुकानाचं काय? "ते बघू गं नंतर," असं दोघं एकदमच म्हणाले. दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

सदर बोलण्यात माझी गरज दिसली नाही. म्हणून मी नातवंडांना घेऊन बदकाच्या आकाराच्या, पायडलच्या होडीत बसले. तिघांनीही तरंगणारी जाकिटं घातली होती, होडीवाल्याने बकलं ओढून पाहिली. मी व चिंगी पायडल मारत होतो. गुंड्या मागे बसून कप्तान होता. मध्यावर पायडलची साखळी उतरली आणि वाऱ्याने होडी पलीकडच्या लव्हाळ्यांत शिरली. काठावरून आम्ही दिसेनासे झालो असू. साखळी मी लगेच बसवली. मग ताबडतोब परत का फिरला नाहीत, असं साहेबांनी विचारलं, त्यावर सांगते की, तिथे सावली होती आणि छान वाटत होतं.

तिथे चिंगीने विचारलं, "आजी, तू नक्की कोणाकडे जाणार?"

"कुणाकडेच नाही. माझं दुकान आहे."

"मग त्यांना सांग ना."

"सांगितलं. ऐकू गेलं नाही."

"मग जोरात सांग."

चिंगीचं म्हणणं रास्त वाटल्याने आम्ही तिघं काठाच्या दिशेने "दुकान बंद होणार नाही" असं ओरडलो. गुंड्याला ते फार आवडलं, तो थांबेना. काठावर शब्द पोचले नाहीत, नुसतं ओरडणं पोचलं. मुलाला वाटलं आम्ही बुडतोय. त्याने पोलिसांना फोन केला, फोन बहिणीच्या हातात कोंबला आणि पाण्यात शिरला.

मुलाला पोहता येत नाही. हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. लव्हाळ्यांतून बाहेर आल्यावर तो मला छातीभर पाण्यात दिसला. मुलगी मागून त्याचा शर्ट धरून ओढत होती व तो "सोड गं, आई आहे तिकडे" म्हणत होता. त्यावेळी मी पायडल जोरात मारलं. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

होडी धरून तो उभा राहिला. आधी तिघांना मोजलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाला, "काय ओरडत होतीस?" मी सांगितलं. नातवंडांनी ओरडून दाखवलं. त्याचा चष्मा तळ्यात गेला आहे, त्याबद्दल कोणावर तक्रार नाही.

ठाण्यात येताना पोलिसांच्या गाडीत मुलगा व मुलगी एकाच टॉवेलमध्ये बसले होते. वाटेत मुलगी म्हणाली, "आई, दुकान उद्या किती वाजता उघडतेस?" मी म्हटलं, "नेहमीसारखंच." मुलगा म्हणाला, "मी सोडतो तुला." त्याला चष्म्याशिवाय समोरचे साहेबही दिसत नाहीत, त्यामुळे मुलगी सोडणार आहे.

वरील मजकूर साहेबांनी मोठ्याने वाचला. मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. कुठे काही बदलायचं का, असं विचारल्यावर माझ्याआधी तोच "नाही" म्हणाला. माझंही तेच म्हणणं आहे, म्हणून खाली सही करते.